दीड व्होल्टचा झटका

विजेरीतील एका सेलची दोन टोके कोरड्या बोटांनी धरली, तर काहीच जाणवत नाही. सेलचा दाब अवघा १.५ व्होल्ट, आणि कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम. एवढ्या अल्प दाबाने त्या त्वचेतून जाणवण्याजोगा प्रवाह लोटता येत नाही. असे असता त्याच सेलवर चालणारे एखादे गमतीचे खेळणे हाती घेणाऱ्याला दचकविते, ते कसे? वरवर कोडे वाटणारी ही गोष्ट विद्युच्छास्त्रातील एका मूलभूत नियमाचे उदाहरण आहे, आणि नवशिक्यालाही ती पडताळून पाहता येते.

जेन्किन नावाच्या एका गृहस्थांनी १८३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांच्या नजरेस एक विलक्षण प्रकार आणून दिला. एकाच घटाला आखूड तार जोडून ती तोडली, तर झटका बसत नाही. परंतु विद्युत्-चुंबकाचे लांब वेटोळे जोडून मंडल तोडले, तर मात्र बसतो. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्येच लांब तारेचे मंडल तोडताना उडणाऱ्या ठिणगीची नोंद केली होती. दोन्हींचे कारण एकच.

वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्यात ऊर्जा साठते. प्रवाह अकस्मात तोडला की ते क्षेत्र कोसळते, आणि कोसळताना तारेत नवा दाब निर्माण करते. बदल जितका त्वरित, तितका दाब मोठा. पाण्याची तोटी एकदम बंद केली की नळ जसा धडकतो, तसाच काहीसा हा प्रकार. त्यामुळे १.५ व्होल्टच्या जागी क्षणमात्र शंभराहून अधिक व्होल्ट उभे राहू शकतात.

याची रचना अगदी साधी आहे. बोटभर लांबीच्या लोखंडी खिळ्यावर कागद गुंडाळून त्यावर लाखेचा लेप दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे काहीशे फेरे घ्यावे. तारेच्या दोन्ही टोकांवरील लेप खरवडून काढावा. एक टोक सेलच्या एका ध्रुवाला आणि दुसरे एका कानशीला जोडावे. सेलच्या दुसऱ्या ध्रुवापासून आलेली तार कानशीच्या दातांवरून ओढली, की मंडल क्षणोक्षणी जुळते आणि तुटते. बारीक ठिणग्या दिसतात. आता वेटोळ्याच्या दोन टोकांना निऑनचा लहान दर्शक दिवा जोडावा. साठ व्होल्टखाली न पेटणारा हा दिवा एका सेलवर लुकलुकताना पाहिला, म्हणजे नियम डोळ्यांनी पाहिल्यासारखे होते. दिव्याच्या जागी एकाच हाताची दोन बोटे ठेवली, तर झिणझिणीही अनुभवता येते.

मग शंभर व्होल्टनी अपाय कसा होत नाही? कारण अपाय नुसत्या दाबाने होत नाही. शरीरातून किती प्रवाह, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने गेला, यावर तो अवलंबून असतो. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. १० च्या आसपास स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. आपल्या छोट्या वेटोळ्यातील ऊर्जा अत्यल्प असते आणि निमिषात संपते. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा मात्र थकत नाही.

म्हणून हा प्रयोग एका सेलपुरताच ठेवावा. घरातील विजेशी किंवा तिच्यावर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणाशी त्याची सांगड कदापि घालू नये. छायाचित्राच्या झगझगाटी दिव्यातील विद्युत्-संचायक वापरू नये; त्यात साठलेली ऊर्जा प्राणघातक ठरू शकते. दोन हातांत दोन टोके धरू नयेत, कारण तो मार्ग छातीतून जातो. हात ओले नसावेत. हृदयविकार असलेल्यांनी व हृदयाची लय राखणारे यंत्र बसविलेल्यांनी यापासून दूरच राहावे.

आणखी एक गोष्ट. नकळत कोणाच्या हाती असे खेळणे देणे ही करमणूक नव्हे. दचकलेला मनुष्य पडू शकतो, आणि त्याच्या हृदयाची अवस्था आपणांस ठाऊक नसते. आधी सांगून, संमती घेऊन दाखविलेला प्रयोग मात्र पाहणाऱ्याला भय नव्हे, समज देतो. आणि विजेशी वागताना मनुष्याचे रक्षण शेवटी त्या समजुतीनेच होते.