पहिला मायक्रोकंट्रोलर प्रकल्प : विद्यार्थ्यांना मार्गदर्शन

प्रस्तावना :
मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक होय. इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०५१ ही चिप बाजारात आणली. भारतातील पदविका अभ्यासक्रमांत ती दीर्घकाळ शिकविली गेली. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे आर्डुइनोची सुरुवात झाली आणि हा विषय सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला. हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत त्यासाठी लागणारे सुटे भाग सहज मिळतात. मात्र तयार प्रकल्प विकत घेऊन सादर करण्याची प्रथाही याच शहरात रुजली आहे. अशा विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत एखादी तार दाखवून विचारले, तर ती कशासाठी आहे हे सांगता येत नाही. पदविका मिळते, पण हातात विद्या येत नाही. हे टाळण्यासाठी पहिला प्रकल्प कसा करवून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) विषय घरातील असावा :
हैदराबादच्या अनेक वस्त्यांत नळाचे पाणी रोज येत नाही. ते जमिनीखालच्या टाकीत साठवून मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. मोटार बंद करण्याचा विसर पडला तर पाणी वाहून जाते. खालची टाकी कोरडी पडली तर मोटार जळते. ही अडचण विद्यार्थ्याने घरी पाहिलेली असते. त्यामुळे ‘पाण्याच्या मोटारीचे नियंत्रण’ हा पहिल्या प्रकल्पास योग्य विषय होय.

२) आधी भाषा, मग प्रोग्राम :
विद्यार्थ्याने संगणकासमोर बसण्यापूर्वी आपल्या भाषेत, मग ती उर्दू, मराठी वा तेलुगू असो, यंत्राचे काम लिहून काढावे. उदाहरणार्थ :
अ) खालच्या टाकीतील पाणी संपले तर मोटार बंद करावी.
ब) वरची टाकी भरली तर मोटार बंद करावी.
क) खाली पाणी असून वरची पातळी खालच्या खुणेपाशी आली तर मोटार सुरू करावी.
ड) यांपैकी काहीच नसेल तर मोटार आहे तशी राहू द्यावी.
चौथे वाक्य विद्यार्थी हमखास विसरतात. वरच्या टाकीला एकच खूण ठेवली तर पाणी त्या खुणेपाशी हलताच मोटार वारंवार चालू-बंद होते. म्हणून दोन खुणा हव्यात. ही चार वाक्ये स्पष्ट झाली की प्रोग्राम लिहिणे कठीण राहत नाही.
मातृभाषेतून तांत्रिक विचार करण्याची परंपरा या शहराला नवी नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ मध्येच दारुल तर्जुमा ही अनुवादसंस्था उभारण्यात आली होती.

३) एका वेळी एकच भाग :
पहिल्या दिवशी फक्त एक एलईडी लुकलुकवावा. ५ व्होल्टवर त्याला २२० ओहमचा रेझिस्टर पुरतो. नंतर फ्लोट स्विच वाचावा. पाण्याच्या लाटांमुळे स्विच थरथरतो. म्हणून दोन सेकंद स्थिती कायम राहिली तरच ती खरी मानावी. शेवटी रिले जोडावा. आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घेणे सुरक्षित असते. रिलेच्या कॉइलला त्याहून बराच अधिक लागतो. तेव्हा मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा डायोड जोडणे आवश्यक आहे. डायोड नसेल तर रिले बंद होताना निर्माण होणारा उच्च दाब ट्रान्झिस्टर निकामी करतो.

४) सुरक्षितता :
वर्गात मोटारीच्या जागी एलईडीच वापरावा. २३० व्होल्टची जोडणी विद्यार्थ्याने करू नये. ती जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावी. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून छोट्या रिलेने ती थेट न चालविता मध्ये काँटॅक्टर ठेवावा.

५) मूल्यमापन :
शिक्षकाने प्रात्यक्षिकाच्या वेळी वरच्या फ्लोट स्विचची तार मुद्दाम काढावी आणि मोटार चालू राहते की बंद होते ते पाहावे. टाकी भरताच संपर्क सुटेल अशी जोडणी असेल, तर तुटलेली तार यंत्राला ‘टाकी भरली’ असेच सांगते व मोटार बंद होते. उलट जोडणीत मात्र पाणी वाहतच राहते. ज्याने प्रकल्प स्वतः केला आहे, तो हा फरक लगेच समजावून देतो. प्रकल्पाच्या वहीत न जमलेले प्रयत्नही तारखेसह नोंदवून घ्यावेत आणि त्यांना गुण द्यावेत.

समारोप :
पहिला प्रकल्प लहान असला तरी चालेल. तो विद्यार्थ्याचा स्वतःचा असणे महत्त्वाचे आहे. विकत आणलेला देखणा प्रकल्प परीक्षेनंतर अडगळीत पडतो. स्वतः जोडलेले साधे यंत्र मात्र बिघडले तरी विद्यार्थ्याला ते उघडून दुरुस्त करता येते. त्याच्या पुढील रोजगाराचा पाया याच आत्मविश्वासावर उभा राहतो.