तारांकित मुक्काम आणि सूर्यास्ताची वेळ

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या गावाला व्यापाराने मिळवून दिली. बियाणे आणि लोखंडी सळई यांनी जालन्याचे नाव देशभर नेले आणि त्यांच्या मागोमाग आपली कुटुंबेही देशभर हिंडू लागली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाल्यापासून तर मुंबई अधिकच जवळ आली. प्रश्न उरतो तो मुक्कामाचा.

मागच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडत नसे. मुंबईत १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडले आणि त्याच दशकात दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांची पावले सहज धर्मशाळेकडेच वळत. जैन भोजनशाळेतील चूल सूर्यास्तापूर्वी शांत होई, पाणी गाळलेले असे; आपला नियम कोणाला समजावून सांगावा लागत नसे.

आज लग्नसमारंभ, प्रदर्शने, व्यापारी बैठका यांच्या निमित्ताने आपण पंचतारांकित हॉटेलांत उतरतो. त्यात गैर काही नाही. परंतु गेल्या जानेवारीत आलेला एक अनुभव मनातून जात नाही.

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही दोन दिवस राहणार होतो. खोली ठरवताना घरातील पुरुषमंडळींनी बारीकसारीक चौकशी केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्याचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक यावा, हेही बजावून झाले. विचारायचे राहिले ते एवढेच, की संध्याकाळचे जेवण किती वाजता मिळेल.

सासूबाईंचा अनेक वर्षांचा चौविहार. त्या दिवशी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता आणि हॉटेलचे भोजनगृह सात वाजता उघडणार होते. आम्ही धावपळ करेपर्यंत पावणेसहा वाजले. ‘जैन भोजन आहे, पण साहेब, आत्ता आचारी नाहीत,’ असे नम्र उत्तर आले. सासूबाईंनी कोणालाही दोष दिला नाही. डब्यातले दोन खाखरे खाल्ले, पाणी घेतले आणि पचखाण केले. त्या शांत होत्या. ओशाळलो होतो ते आम्ही. करापोटी जाणाऱ्या पैशांचा हिशेब आम्ही चोख ठेवला होता, आईच्या व्रताचा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुख्य आचाऱ्यांना भेटलो. त्यांनी आदराने विचारले, ‘फक्त कांदा-लसूण नको, की जमीकंद कोणतेच नको?’ मग स्वयंपाकघराची रीत समजली. भाज्यांची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या प्रमाणात तयार होते आणि तिचा पायाच कांदा असतो. म्हणून आयत्या वेळी ‘जैन’ म्हटले की वेगळे काही करायला सवड राहत नाही. काही तास आधी सांगितले तर वेगळ्या भांड्यात ताजे शिजते. न्याहारीच्या मेजावर केकमध्ये अंडे, गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, हेही त्यांनीच सांगितले. त्या संध्याकाळी साडेपाच वाजता मूगडाळ, दुधीची भाजी आणि गरम फुलके खोलीत आले.

सकाळची अडचण मात्र नव्हती. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते आणि न्याहारी त्यापुढेही बराच वेळ चालू असते. खरी कसोटी संध्याकाळचीच, आणि तीही हिवाळ्यात अधिक.

श्रावकाच्या चौदा नियमांत वाहन, शयन, स्नान आणि दिशा यांची मर्यादा रोज ठरवायला सांगितली आहे. नीट पाहिले तर हे चारही विषय प्रवाशाच्याच वाट्याला येतात. मऊ गादी, टबभर पाणी, पन्नास पदार्थांचे मेज हे सर्व पैसे भरताच आपल्यापुढे येते. त्यातले किती घ्यायचे, हे मात्र आपणच ठरवायचे असते. ताटात घेतलेले संपवणे आणि नळ वेळेवर बंद करणे यासाठी कोणत्याही व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही.

आता आमच्या घरी खोली ठरवताना पहिला प्रश्न सूर्यास्ताचा असतो. दर आणि कर त्यानंतर. धर्मशाळेत आपला नियम दुसरे कोणी सांभाळत होते. हॉटेलात तो आपण सांभाळायचा आहे. आणि खाखऱ्यांचा डबा? तो सासूबाई आजही बरोबर घेतातच.