उन्हाळी रात्रींची बेटे

भूमध्य समुद्रातील काही बेटांवर उन्हाळाभर विशी-पंचविशीतल्या पर्यटकांचे राज्य असते. स्पेनची इबिझा व मायोर्का, ग्रीसची झाकिंथोस, क्रीट व ऱ्होड्स आणि सायप्रसवरील आयिया नापा ही त्यांची ठरलेली ठिकाणे. शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली असते किंवा पहिल्या नोकरीचे चार पैसे गाठीला जमलेले असतात. मित्रमैत्रिणींची टोळी आठवड्याचे पॅकेज घेते, दिवस वाळूवर काढते आणि रात्र क्लबमध्ये जागवते. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स येथून हा ओघ मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये आटतो.

या सहली शक्य झाल्या त्या स्वस्त विमानप्रवासामुळे. १९५० मध्ये व्लादिमिर राइट्स या सहल-व्यावसायिकाने इंग्लंडहून भाड्याच्या डाकोटा विमानाने पर्यटकांना कॉर्सिका बेटावरील काल्वी येथे नेले. विमानभाडे, तंबूतला मुक्काम आणि जेवणखाण मिळून साडेबत्तीस पौंड! पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनला परकीय चलनाची निकड भासू लागली. १९५९ मधील आर्थिक सुधारणांत पेसेटाचे अवमूल्यन झाले आणि स्पेनचा किनारा उत्तर युरोपातील कामगारालाही परवडू लागला. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये केवळ तरुणांसाठी 'क्लब १८-३०' ही सहल-योजना निघाली. ती २०१८ पर्यंत चालली.

इबिझाचे वेगळेपण तिथल्या संगीतात आहे. सुमारे ५७० चौरस किलोमीटरच्या या बेटावर ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात फिनिशियन लोकांनी वसाहत केली. त्यानंतर शतकानुशतके मिठागरे हा इथला मोठा आधार होता. साठच्या दशकात हिप्पी आले. उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर, अशी त्यांतल्या कित्येकांची फेरी असे. इबिझातल्या एस कानारचा आणि हणजूणचा, दोन्ही हिप्पी बाजार आजही बुधवारीच भरतात. १९७३ मध्ये 'पाचा' हा क्लब उघडला, थोड्याच वर्षांत 'अ‍ॅम्नेशिया'. अर्जेंटिनाहून आलेला डीजे आल्फ्रेदो ऐंशीच्या दशकात तिथे, वर छत नसलेल्या अंगणात, हाउस, रेगे, पॉप, रॉक यांची सरमिसळ करून पहाटेपर्यंत वाजवी. १९८७ च्या उन्हाळ्यात पॉल ओकनफोल्ड, डॅनी रॅम्पलिंग, निकी हॉलोवे आणि जॉनी वॉकर हे लंडनचे चार डीजे ते ऐकून भारावून गेले. त्याच वर्षी रॅम्पलिंगने लंडनमध्ये 'शूम' हा क्लब काढला आणि १९८८ मध्ये ब्रिटनभर 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताची लाट उसळली. युरोपच्या नृत्यसंगीताचा इतिहास या छोट्या बेटाला वगळून लिहिताच येणार नाही.

इथल्या रात्रीचा क्रम ठरलेला आहे. सूर्यास्ताला सान आन्तोनिओमध्ये 'काफे देल मार'समोरच्या खडकांवर गर्दी जमते. १९८० साली सुरू झालेल्या या कॅफेत डीजे होसे पादिया यांनी निवडून वाजवलेल्या संथ संगीतामुळे सूर्यास्त पाहणे हाच एक कार्यक्रम झाला. मग खोलीवर सुपरमार्केटमधली दारू, कारण क्लबमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा महाग. रस्त्यावर मनगटी पट्टे आणि तिकिटे घेऊन मुलेमुली उभी असतात. तीही बहुधा पर्यटकांच्याच वयाची, हंगामापुरती आलेली, कमिशनवर भागवणारी. मुख्य डीजे मध्यरात्र उलटून गेल्यावर मंचावर येतो आणि क्लब सकाळी सहाच्या सुमारास रिकामा होतो.

मायोर्कावरील मागालुफचा धंदा मात्र स्वस्त दारूवर उभा राहिला. एका पेल्यावर दुसरा फुकट, एकाच तिकिटात पाच-सहा बारची फेरी, हॉटेलात दिवसभर हवी तितकी. मायोर्काच्या पाल्मा शहरातील सोन एस्पासेस रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०१० ते २०१५ या काळातील ४६ जखमींचा अभ्यास केला. कुणी बाल्कनीतून पडलेले, कुणी बाल्कनीतून पोहण्याच्या तलावात उडी मारायला गेलेले. सरासरी वय २४, एक सोडून सारे पुरुष, आणि जवळजवळ सगळे दारू प्यायलेले. या मुलांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांना कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त पाजण्यावर ज्यांचा नफा अवलंबून होता, त्यांचा दोष मोठा आहे. जानेवारी २०२० मध्ये, मायोर्का व इबिझा ज्यांत येतात त्या बेलिआरिक बेटांच्या सरकारने मागालुफ, पाल्माचा किनारा आणि सान आन्तोनिओ या भागांत अशा सवलती व बारफेऱ्या बंद केल्या. दुकानांतली मद्यविक्री रात्री साडेनऊ ते सकाळी आठ थांबली, पॅकेजमधली दारू दोन्ही जेवणांबरोबर तीन-तीन पेल्यांवर आली आणि बाल्कनीतून उडी मारणाऱ्याला हॉटेलबाहेर काढणे सक्तीचे झाले. २०२४ मध्ये अशा भागांत रस्त्यावर पिण्यासाठी ५०० ते १५०० युरो दंड ठरला.

सायप्रसवरील आयिया नापाची गोष्ट निराळी: १९७४ पर्यंत ते मासेमारीचे खेडे होते. तुर्की आक्रमणात शेजारचे फामागुस्ता हे पर्यटनाचे शहर हातचे गेले आणि सायप्रसचा पर्यटन व्यवसाय इकडे सरकला.

झाकिंथोसच्या लागानास उपसागरात बारच्या ओळीजवळच लॉगरहेड कासवांची विणीची वाळू आहे. मादी रात्री वर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि मागच्या पायांनी वाळू लोटून परत जाते. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. बारचे दिवे त्यांना उलट्या दिशेला ओढतात. म्हणून १९९९ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि विणीचे किनारे रात्री बंद ठेवले जातात.

स्थानिकांची मुख्य तक्रार आता घरांबद्दल आहे. घरे पर्यटकांना भाड्याने जातात, त्यामुळे इबिझात शिक्षक, परिचारिका आणि वेटर यांना जागा मिळत नाही; कित्येक कामगार व्हॅनमध्ये राहतात. जुलै २०२४ मध्ये पाल्मात हजारो लोक याविरुद्ध रस्त्यावर उतरले. २०२५ च्या उन्हाळ्यापासून इबिझाने बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या संख्येवरही मर्यादा घातली. दारू आणि गाड्यांना आवर घालणे त्या मानाने सोपे होते. हंगाम ज्यांच्या जिवावर चालतो त्या माणसांना परवडणारे घर देण्याचे काम अजून बाकी आहे, आणि तेच आधी व्हायला हवे.