दिव्यांग मुलाच्या भावंडाचा राग समजून घेऊया

"त्याला सगळं माफ, ओरडा फक्त मलाच!" सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान भावाबद्दल नऊ वर्षांची बहीण हे बोलते. वस्त्यांमध्ये गृहभेटी देताना अशी वाक्ये आम्ही अनेकदा ऐकतो. घरचे म्हणतात, "एवढी मोठी झाली, तरी समजत नाही."

खरे तर तिला समजते. तिचा राग भावावर कमी आणि आपल्या वाट्याला न आलेल्या वेळेवर जास्त असतो. आईचा दिवस फिजिओथेरपी, दवाखाना आणि बसच्या रांगेत जातो. मुलीला गप्प केले की राग जात नाही; तो भावाला चिमटे काढण्यातून किंवा अभ्यासातून मन उडण्यातून बाहेर पडतो.

मग काय करावे?

१. खरे कारण सांगा. वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे सेरेब्रल पाल्सी होते, ती संसर्गाने पसरत नाही, हे मुलांना कळते. 'मागच्या जन्माचे पाप' हे शब्द घरात येऊ देऊ नका. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे.

२. रोज १५ मिनिटे फक्त तिची ठेवा. त्या वेळात भावाचा विषयही नको.

३. नियम दोघांना सारखे ठेवा. मारणे कुणालाच माफ नाही. भावालाही जमेल ते काम द्या.

४. तिला दुसरी आई बनवू नका. "आमच्यानंतर तूच," हे ओझे मुलींवर फार लवकर टाकले जाते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. याचा विचार मोठ्यांनी करायचा आहे, हे तिला स्पष्ट सांगा.

इथे विहारातील तरुणांचे काम सुरू होते. रविवारच्या धम्मवर्गाला दोन्ही भावंडांना घेऊन या. आठवड्यातून दोन तास कुणी मुलाजवळ बसले, तर आई मुलीच्या शाळेत जाऊ शकेल.

दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे म्हणजे मुदिता, असे आपण वर्गात शिकवतो. भाऊ पहिले पाऊल टाकतो तेव्हा बहिणीने टाळ्या वाजवाव्यात, असे आपल्याला वाटते. पण तिच्या चित्राला बक्षीस मिळाले, त्या दिवशी घरात टाळ्या कुणी वाजवल्या होत्या? सुरुवात तिथून करूया.