शैवलबहर, बंधाऱ्यांच्या जलाशयांतील

वाहते पाणी काही काळ अडून राहिल्यास त्यात सूक्ष्म शैवलांची जी झपाट्याने वाढ होते, तीस शैवलबहर म्हणतात. त्यामुळे पाण्यास हिरवा, निळसर हिरवा वा तपकिरी रंग येतो. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील अनेक नदीमुखांवर वाळूचा बांध साचून त्यांचा समुद्राशी असलेला संबंध अधूनमधून तुटतो. तेथे हा आविष्कार आढळतो. समुद्रापासून दूर असलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा व तिच्या उपनद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे काहीशी तशीच परिस्थिती निर्माण होते.

या बंधाऱ्यांच्या खांबांमधील गाळ्यांत फळ्या (बरगे) बसवून पावसाळ्याच्या अखेरीस पाणी अडवितात व पुढील पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घेतात. त्यामुळे डिग्रज, सांगली, म्हैसाळ इ. ठिकाणी नदीचे पात्र काही महिने तळ्यासारखे होते. उन्हाळ्यात कराडच्या खालील भागातील प्रवाह बराचसा कोयना धरणातून पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो.

वाहत्या, गढूळ पाण्यात शैवले प्रवाहाबरोबर वाहून जातात व त्यांना प्रकाशही कमी मिळतो. पाणी स्थिरावले की गाळ तळाशी बसतो, प्रकाश खोलवर पोहोचतो आणि शैवलांस वाढीस अवधी मिळतो. सांडपाणी, कारखान्यांचे मलजल व शेतांतून झिरपणारी खते यांतून नायट्रोजन व फॉस्फरस यांचा पुरवठा होतो. थंड, ढवळलेल्या पाण्यात सामान्यतः करंडक वनस्पतींचे प्राबल्य असते, तापलेल्या व संथ पाण्यात नील-हरित शैवलांचे (उदा., मायक्रोसिस्टिस) वाढते. मायक्रोसिस्टिसच्या कोशिकांतील वायुयुक्त पोकळ्यांमुळे ते पृष्ठभागी येऊन तवंग बनवते.

मर्यादित प्रमाणात सूक्ष्म शैवले ही जलचरांच्या अन्नसाखळीचा पाया होत. अतिवाढ मात्र घातक ठरते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन वाढतो. रात्री शैवलांच्या श्वसनाने व मृत शैवलांच्या कुजण्याने तो घटतो आणि पहाटेच्या सुमारास मासे गुदमरून मरतात. बरगे काढल्यावर किंवा पहिल्या पुरात तळाचा सेंद्रिय गाळ ढवळला गेल्यानेही असे घडू शकते.

माणसांना खरा धोका पिण्याच्या पाण्यातून संभवतो. सांगली शहरास कृष्णेतूनच पाणीपुरवठा होतो. मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत मायक्रोसिस्टीन हे यकृतास अपायकारक विष तयार होते. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील मायक्रोसिस्टीन-एलआरसाठी दीर्घकालीन मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम अशी सुचविली आहे. मोरचुदाने शैवले एकदम मारल्यास त्यांच्या कोशिका फुटून विष पाण्यात मिसळते. म्हणून कोशिका अखंड असतानाच गाळून काढणे व विरघळलेल्या विषासाठी सक्रियित कार्बन वापरणे श्रेयस्कर ठरते.

मूळ उपाय म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, खतांचा वापर बेताने करणे व उन्हाळ्यातही नदीत किमान प्रवाह राखणे. पाणी अडविणे शेतीस आवश्यक असले, तरी ते अडविताना नदीत काय सोडले जाते, यावरच त्याची गुणवत्ता अवलंबून असते.