पेशींच्या पोटातील आंबटपणा

हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग उमटतो, हे आपल्या घरांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जाणत आल्या आहेत. आम्ल आणि अल्क ओळखण्याची हीच रंगाची युक्ती वापरून शास्त्रज्ञांनी शरीरातील रक्षक पेशींच्या अंतरंगात डोकावून पाहिले. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाला परक्या वस्तूभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी दिसल्या. पुढे त्याने अशा पेशींना निळ्या लिटमसचे कण भरवले. ते आत जाताच लाल झाले. गिळलेल्या जंतूला पेशी एका कप्प्यात कोंडते आणि तो कप्पा आंबट करते, असा याचा अर्थ. परंतु आंबट म्हणजे किती, हे लिटमस सांगत नाही. १९०९ साली डेन्मार्कच्या सॉरेन्सेनने सामूची मोजपट्टी दिली. तिच्यावर ७ हा अंक उदासीन. त्याखाली एकेक अंक उतरावा, तसतशी आम्लता दसपट वाढते.

ही पट्टी जिवंत पेशीत घालावी कशी? १९७८ साली ओकुमा व पूल या संशोधकांनी उंदराच्या भक्षक पेशींना फ्लुओरेसीन हे चमकणारे रंगद्रव्य भरवले. आम्लात त्याची चमक मंदावते. पण द्रव्य कमी गेले तरीही चमक मंदच दिसणार! म्हणून त्यांनी दोन निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात ती मोजली आणि दोहोंचे गुणोत्तर काढले. उत्तर आले पाचाच्या किंचित खाली. रक्ताचा सामू सुमारे ७.४, म्हणजे त्या कप्प्यातील आम्लता रक्ताच्या कित्येक शेपट! २००९ साली बंगळूरच्या यमुना कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामासाठी डीएनएची सूक्ष्म कळ घडवली आणि ती फळमाशीच्या भक्षक पेशींत चालवून दाखवली.

एवढा खटाटोप कशासाठी? क्षयाचा जंतू पेशीने गिळला तरी आपला कप्पा आंबट होऊ देत नाही. तेथील सामू सहाच्या वरच रेंगाळतो आणि जंतू शत्रूच्याच घरात सुखाने नांदतो. मात्र इतर रक्षक पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा या द्रव्याचा निरोप येताच भक्षक पेशी जागी होते, अडसर ढिला पडतो आणि सामू पाचाकडे झुकू लागतो. पेशीची ही जागृती मोजमापामुळेच अंकांत मांडता आली. क्षयजंतू आणि भक्षक पेशी यांच्या या झगड्याचा अभ्यास आपल्या हैदराबादेतही, उप्पल येथील डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स केंद्रात, झालेला आहे.

क्षयावरील पायराझिनामाइड हे औषध आम्ल वातावरणातच विशेष प्रभावी ठरते. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ते देतात. खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडून देणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू : बाहेर शांतता दिसली, तरी आतल्या कप्प्यांतील लढाई अद्याप संपलेली नसते.