बिल्लासर्गमच्या हाडांची साक्ष

आंध्र प्रदेशातल्या कर्नूल भागात, बेतमचेर्लाजवळ बिल्लासर्गमच्या चुनखडीच्या गुहा आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी 1884च्या सुमारास तिथली माती उपसली, तेव्हा हाडांचा खच निघाला. त्यात चक्क गेंडाही होता.

पण हाडं हाती आली म्हणजे त्या काळचं रान डोळ्यांपुढे उभं राहतं, असं नाही. हाड गुहेत आणलं कोणी, हे आधी शोधावं लागतं. बिबट्या शिकार ओढून आणतो. साळिंदर हाडं गोळा करून कुरतडतं आणि त्याच्या पटाशीच्या दातांचे रुंद, समांतर चर हाडावर स्पष्ट दिसतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांची गोळी ओकून टाकतं. प्रत्येकाची निवड वेगळी, त्यामुळे गुहेतलं प्रमाण रानातल्या प्रमाणाशी जुळेलच असं नाही. शिवाय एका हरणाचे दहा तुकडे म्हणजे दहा हरणं नव्हेत. म्हणून एकाच बाजूचं एकच हाड मोजतात. खालच्या जबड्याच्या आठ डाव्या बाजू मिळाल्या, तर किमान आठ जनावरं होती एवढं खात्रीने म्हणता येतं.

सगळ्यात बोलका असतो दात. दंतवल्क टणक, त्यामुळे हाडं विरली तरी तो टिकतो. उंच दाढ बहुधा गवत चघळणाऱ्याची, बुटकी दाढ कोवळा पाला खाणाऱ्याची. अशा दाढांच्या राशीवरून माळरान किती आणि झाडी किती, याचा अंदाज बांधता येतो.

या गुहांमधल्या थरांचं नव्याने कालमापन करून 2014मध्ये एका संशोधकगटाने जे मांडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. ओळख पटलेल्या 21 प्रकारच्या सस्तन प्राण्यांपैकी 20 प्रकार किमान एक लाख वर्षं, काही तर दोन लाख वर्षं, भारतीय उपखंडात टिकून आहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात याच कालखंडात मोठी जनावरं घाऊक नाहीशी झाली. इथल्या 21 प्रकारांपैकी गेलं ते एकच, गेलाडा माकडाच्या कुळातलं माकड. गेलाडा आज फक्त इथिओपियाच्या डोंगराळ भागात उरलाय.

बाकीचे जागच्या जागी राहिले असंही नाही. काही ठिकाणांहून ते हटले आणि दुसरीकडे तगले. दख्खनमधून गेंडा गेला, पण आसामात राहिला. गवताळ माळ, झाडी, पाणथळ जागा एकमेकींना जोडलेल्या होत्या म्हणून हे जमलं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. आज ताडोबा आणि नागझिरा या जंगलांमधल्या वन्यप्राण्यांच्या संचारमार्गांवर वाद होतो तेव्हा हा पुरावाही टेबलावर असायला हवा.